खुर्ची परकी, मग दिवाणखाना कुणाचा?

घर बांधण्याच्या आणि ते लावण्याच्या आधुनिक पद्धतीचा आग्रह थोडक्यात सांगता येतो. वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून, तिच्या साहित्यातून आणि ती घडवण्याच्या रीतीतून यावा. नक्षी वरून चिकटवलेली नसावी. या आग्रहाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही मराठी घरात सरळ पायांची, बिननक्षीची खुर्ची आली की एक ठरावीक कुरकुर सुरू होते आणि हल्ली तिला सिद्धान्ताचा रुबाब चढू लागला आहे.

पूर्वपक्ष असा. आधुनिक वास्तुकला आणि आधुनिक फर्निचर परके आहे. आपल्या हवेत ते चालत नाही. ते टिकत नाही. आणि त्यात जिव्हाळा नाही. चौकाचा वाडा, कौलारू ओसरी आणि सागवानी सामान हेच आपले खरे घर. हा पक्ष मांडणारे बहुधा सातव्या मजल्यावर, पंख्याखाली, सोफ्यावर रेलून तो मांडतात. अर्थात तेवढ्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो खोटा ठरतो तो इतर कारणांनी.

चार आक्षेपांपैकी परकेपणाचा आक्षेप आक्षेपकांच्या विशेष आवडीचा आहे, म्हणून त्याचा समाचार आधी आणि सविस्तर घेणे योग्य. ज्या वाड्याला स्वकीय म्हणून मिरवायचे, त्याच्या दारापासूनच सुरुवात करता येते. दरवाजा हा शब्द फारसी. आत गेल्यावर लागणारा दिवाणखाना फारसी. त्यातला गालिचा आणि तक्क्या त्याच वाटेने आलेले. चौकातला हौद अरबी, दोन खांबांमधली महिरप अरबी. ज्यांच्याकडे पाहून पेशवाईची आठवण दाटून येते, ते सुरूदार खांब सरो वृक्षाच्या आकाराचे असून मोगल इमारतींच्या घडणीतून दख्खनेत उतरलेले आहेत. खुर्चीचे मूळ कुर्सीत आहे आणि अलमारी पोर्तुगिजांबरोबर आली. परकी म्हणून खुर्ची बाहेर काढायची, तर ती ज्या दिवाणखान्यातून काढायची त्याचे काय करायचे, हे आक्षेपकांनी सांगितलेले नाही. शब्दांच्या शुद्धीचा असाच एक वाद मराठीत पूर्वी रंगला होता. त्यातून काही उत्तम नवे शब्द मिळाले, काही कोशात पडून राहिले. दरवाजा मात्र दरवाजाच राहिला, कारण लोकांना त्यातून ये-जा करायची होती.

शब्दांचे सोडून वस्तूंकडे वळले तरी हाच अनुभव येतो. कोकणातल्या कौलारू घराचे छायाचित्र हा आक्षेपकांचा लाडका पुरावा. त्या छपरावरची तांबडी, चपटी, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले हा कारखान्याचा माल आहे. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्याआधी किनाऱ्यावरच्या घरांवर गवत असे किंवा हाताने घडवलेली नळीची कौले. म्हणजे ज्याला परंपरा म्हणून कवटाळले जाते, ते एके काळचे आयात तंत्र, यंत्रावर निघालेले, एकसारख्या मापाचे, अगदी आधुनिक. गोव्यातल्या जुन्या घरापुढचा बाल्कांव पोर्तुगीज अमदानीतला. लांब हातांची, वेताच्या बैठकीची आरामखुर्ची गोऱ्या मळेवाल्यांच्या आणि साहेबांच्या व्हरांड्यातली. तिच्यावर आजोबा बसले आणि ती आपली झाली. आजोबांनी जे केले ते नातवाने केले की संस्कृती बुडते, हा न्याय विलक्षण आहे.

या प्रकरणातला सर्वांत गमतीचा साक्षीदार मुंबईच्या इराणी हॉटेलात सापडतो. तिथल्या गोल पाठीच्या, काळपट लाकडी खुर्च्यांवर बसून 'असं फर्निचर आता होत नाही' असा सुस्कारा टाकण्याची प्रथा आहे. ती खुर्ची ज्या कुळातली आहे, त्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे व्हिएन्नातल्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याची १८५९ मधली १४ क्रमांकाची खुर्ची. बीच लाकूड वाफेवर नरम करून साच्यात वाकवायचे. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात खुर्ची पुरी. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. पेटी बोटीने जाई आणि खुर्ची पोचल्या गावी जुळवली जाई. सपाट खोक्यातून येणाऱ्या, घरी जुळवायच्या फर्निचरला नाके मुरडणारे आक्षेपक अशा पहिल्या फर्निचरच्या वंशजावर बसून बनमस्का खात असतात आणि त्यालाच जुना जमाना म्हणतात.

उलट, आक्षेपकांच्या घरात पारंपरिक म्हणून जे सामान असते, त्याची परंपरा कोणती? सिंहाच्या पंजाचे पाय, वेलबुट्टीची पाठ आणि फुगीर गाद्या असलेला सोफासेट हा व्हिक्टोरियन दिवाणखान्याचा वारस आहे. काचेचे शोकेसही त्याच घराण्यातले. वाड्यात यातले काहीच नव्हते. तिथे पाट, चौरंग, पलंग, झोपाळा, बैठक आणि लोड असत. बाकी सामान भिंतीत जाई. कोनाडा, फडताळ आणि खुंटी यांनी खोलीची जमीन मोकळी ठेवली होती. दिवसा बसायची जागा रात्री निजायची होई आणि सकाळी वळकट्या कोपऱ्यात जात. भिंतीत बसवलेली कपाटे, जमिनीलगतची बैठक, घडी होणारे सामान आणि एका खोलीची दोन कामे हीच आधुनिक गृहरचनेची लक्षणे आहेत. वाड्याशी नाते सांगायचेच असेल, तर ते नक्षीदार सोफ्यापेक्षा या फडताळाला अधिक सांगता येईल.

स्वदेशीचा दाखलाही आक्षेपकांना अडचणीचा आहे. स्वदेशीच्या चळवळीने लोकांना पुन्हा पाटावर बसवले नाही; तिने कारखाने काढले. मुंबईत १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग्जच्या सिमेंटच्या लाद्या निघाल्या आणि १९२३ मध्ये गोदरेजचे पोलादी कपाट आले. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आदर्श घरा'चे प्रदर्शन भरवले, तेव्हा नव्या घराची उत्सुकता या शहरात मुरलेली होती. त्या लाद्या आज वारसा म्हणून जपल्या जातात आणि ते कपाट आईकडून मुलीकडे जाते.

उरलेल्या आक्षेपांना एवढी जागा लागत नाही. टिकाऊपणाचे म्हणावे, तर सागवानी शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे कित्येक वाडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात बसले. भुशाच्या दाबीव फळीचे स्वस्त कपाट पहिल्याच पावसाळ्यात फुगते हे खरे. पण तो वाईट मालाचा दोष आहे, विचाराचा नव्हे. जुन्या काळचे वाईट सामान चुलीत गेले आणि चांगले तेवढे उरले, म्हणून जुने सगळे चांगले वाटते.

जिव्हाळ्याचा प्रश्न माजघरात धुराने डोळे चोळणाऱ्या आणि बाळंतपणाला अंधाऱ्या खोलीत जाणाऱ्या बायकांच्या पिढ्यांना विचारायला हवा होता. तो कुणी विचारला नाही. चाळी रिकाम्या होऊ लागल्या तेव्हाही हाच वाद झाला होता. सार्वजनिक नळ आणि गॅलरीच्या टोकाचे संडास यांत माणुसकी होती, असे तेव्हा सांगण्यात आले. सांगणारे बहुतेक ब्लॉकमध्ये राहायला गेलेले होते.

हवेच्या आक्षेपात मात्र थोडे तथ्य आहे. उन्हाच्या देशात सगळी इमारत काचेने मढवायची आणि आतला उकाडा वातानुकूलन यंत्राने उपसायचा, हा उद्योग निर्बुद्धच म्हटला पाहिजे. पण आकार उपयोगातून यावा या कसोटीवर तो आधी नापास होतो. ती काच हीच वरून चिकटवलेली नक्षी आहे. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींनी सिमेंट काँक्रीट स्वीकारताना खिडक्यांवर सलग छज्जे काढले होते. कंबाला हिलवरची चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही ३२ सदनिकांची इमारत १९८३ मध्ये पुरी झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा; पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारादेखील तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा फिरवून उपाय काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीची गच्ची करून इमारतीच्या कोपऱ्यांत खोल नेला. व्हरांडा कळण्यासाठी त्याची नक्कल करावी लागत नाही.

आता मंडन. आधुनिक घराची बाजू साधी आहे: वस्तूचा जन्म कुठे झाला हे न पाहता ती इथल्या शरीराला, हवेला, कारागिराला आणि खिशाला बसते का, हे पाहावे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला १९५८ मध्ये दिलेल्या अहवालात उत्तम घडणीचा नमुना म्हणून साध्या लोट्याची निवड केली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये त्या अहवालातून उभी राहिली. आधुनिकतेच्या या परक्या प्रवक्त्यांना लोट्यात जे दिसले, ते स्वकीय आक्षेपकांना तो शोकेसमध्ये ठेवूनही दिसलेले नाही.

नवी मुंबईत बेलापूरला कोरियांनीच १९८० च्या दशकात उभारलेली वसाहत दुसरा दाखला देते. सात घरे एका लहान चौकाभोवती, दोन घरांना सामाईक भिंत नाही, आणि बांधकाम गावातल्या गवंड्यालाही जमावे असे साधे. कुटुंब वाढले की घर वाढवता यावे, हा त्यामागचा हेतू होता. रहिवाशांनी पुढे मजले चढवले, काहींनी मूळ घर पाडून नवे बांधले. छायाचित्रकारांना त्याचे वाईट वाटते. घराच्या दृष्टीने मात्र ते बरोबर झाले.

तिसरा दाखला खुर्चीचाच. चंदीगड वसवताना सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये आणि घरांसाठी स्विस वास्तुविशारद प्येअर जानरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हजारो खुर्च्या करून घेतल्या. लाकूड सागाचे, बैठक वेताची, पाय उलट्या व्हीच्या आकाराचे, घडण सुताराच्या हाताची. वेतातून हवा खेळते आणि तुटला तर तो पुन्हा विणता येतो. पुढे याच खुर्च्या जुनाट म्हणून गच्च्यांवर आणि कोठारांत ढीग लावून टाकल्या गेल्या आणि भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या. युरोप-अमेरिकेतल्या लिलावगृहांत आज त्यांना लाखोंची बोली लागते. तिथे त्यांना कुणी स्विस खुर्ची म्हणत नाही; त्यांचे नाव 'चंदीगड खुर्ची' असेच आहे.