विश्लेषण : मॅनहोलमधील विषारी वायू नाकाला का कळत नाही?

मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगाराचा गुदमरून मृत्यू झाला की ‘वास आला नाही का?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे.

नाक कशामुळे फसते?
मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास असतो. मात्र हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण १००च्या आसपास गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते. वास गेला म्हणून कामगार निर्धास्त होतो, तेव्हाच धोका वाढलेला असतो.

सेन्सर काय करतो?
हातात मावणाऱ्या यंत्रातील इलेक्ट्रोडवर वायूची अभिक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. वायू जास्त, तितका प्रवाह जास्त. मर्यादा ओलांडताच भोंगा वाजतो.

मग अडचण कुठे?
दमटपणा आणि इतर वायूंमुळे सेन्सरचे मोजमाप चुकू शकते. काही वर्षांत तो निकामीही होतो. त्यामुळे प्रमाण माहीत असलेला वायू सोडून त्याची वेळोवेळी चाचणी घ्यावी लागते.

पुढे काय?
संरक्षक साधनांविना कामगाराला गटारात उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये ३० लाख रुपये केली. पण ती जीव गेल्यावर मिळते. त्याआधी भोंगा वाजायचा असेल तर कंत्राटात यंत्राच्या खरेदीबरोबरच त्याच्या नियमित चाचणीचीही अट हवी आणि चाचणी न झालेले यंत्र असेल तर झाकण उघडताच कामा नये.