केरसुणीला गुण किती?

शाळेच्या समितीवर व्यापारी मनुष्य घेतला की त्याच्याकडे एक काम न सांगता येते, ते म्हणजे सामानाची मोजदाद. आमच्या गावातील एका शाळेच्या तांत्रिक विभागाची मोजदाद गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. आठवी ते दहावीची मुले-मुली आठवड्यातून दोनदा तेथील कार्यशाळेत येतात, कानस चालवितात, रंधा मारतात, पत्रा कापतात. दोन वर्षांपूर्वी मी यादी घेऊन बसलो तेव्हा चोवीस कानशींपैकी सतराच हाती लागल्या. उरलेल्या सात चोरीस गेल्या असे वहीत लिहिण्याची तयारी झाली होती. इतक्यात शिपाईमामांनी एका बाकाखालचा भुशाचा ढीग काठीने उकरला आणि त्यातून पाच कानशी बाहेर आल्या. गंजलेल्या, दात बोथट झालेल्या. आपल्या दुकानात माल असा निघाला असता तर आपण काय केले असते, हा विचार माझ्या मनात आला.

कार्यशाळेतला केर घरातल्या केरासारखा नसतो. लोखंडाचा कीस तोंडाने फुंकला तर डोळ्यांत जातो. ड्रिलच्या टोकाशी निघणाऱ्या पोलादी गुंडाळ्या ब्लेडइतक्या धारदार असतात, म्हणून त्या हाताने नव्हे, ब्रशने काढावयाच्या. लाकडाची बारीक भुकटी श्वासावाटे छातीत उतरते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या एका कोपऱ्यात कोंबून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे तर पुष्कळांना ठाऊकही नसते. अशा ठिकाणी तास संपल्याची घंटा होताच तीस मुले दप्तरे उचलून पळत, आणि मागे एकटे शिपाईमामा उरत.

विभागाचे निदेशक तरुण होते. त्यांनी एक युक्ती काढली. मुलांच्या सहा तुकड्या केल्या, फळ्यावर तक्ता आखला, शेवटची दहा मिनिटे सफाईची ठरविली आणि हातात स्टॉपवॉच घेतले. जी तुकडी आपली जागा आधी स्वच्छ करील तिला दहा गुण, दुसरीला आठ, याप्रमाणे. महिनाअखेर पहिल्या तुकडीला पेनांचा संच. त्या पेनांचे पैसे मीच दिले होते, हेही येथे कबूल करतो.

पहिले दोन आठवडे कार्यशाळा आरशासारखी होती. मी समितीच्या बैठकीत त्याचे कौतुकही केले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने घाईत पोलादी गुंडाळ्या मुठीने उचलल्या आणि तळहाताला तीन टाके पडले. ब्रश शेजारच्या खिळ्याला लटकत होता. पण ब्रश घेण्यात चार सेकंद गेले असते, आणि आम्हीच त्याला सेकंद मोजावयास शिकविले होते. त्यानंतर निदेशकांनी ड्रिलिंग यंत्राचा पाया बाजूला करून पाहिला, तेव्हा पंधरवड्याचा सगळा कीस तेथे लोटलेला आढळला. तळाच्या दोन तुकड्यांनी तर झाडणेच सोडले होते. बारा गुणांनी मागे पडलेल्याने केरसुणी का उचलावी, हा त्यांचा प्रश्न हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड होता.

आपल्याला यात नवे काही वाटू नये. मार्चअखेर कंपन्या विक्रेत्यांसाठी योजना काढतात, इतक्या पेट्या उचला आणि सहलीला चला. आपण पेट्या उचलतो. एप्रिलमध्ये गोदाम भरलेले असते आणि गिऱ्हाईक तेवढेच असते. कंपनीने उचल मोजली, आपण उचल दाखविली. मुलांनी तेच केले. वेग मोजला गेला, त्यांनी वेग दाखविला. त्यात त्यांना खोटेपणा वाटला नाही, आणि मलाही त्यांना खोटे म्हणवत नाही.

या विषयावर पूर्वी काही अभ्यास झाले आहेत आणि ते एकमेकांशी भांडताना दिसतात. 1973 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी ताऱ्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अवचित दिले, काहींना दिलेच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेल्या मुलांनी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. आवडीचे काम मोबदल्याचे झाले आणि मोबदला थांबताच आवडही ओसरली.

यावरून खेळच नको असे म्हणावे, तर 1969 सालचा दुसरा प्रयोग आडवा येतो. बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ या तिघांनी चौथीच्या एका गोंगाटी वर्गाचे दोन संघ केले आणि नियमभंग होईल तेव्हा त्या संघाच्या नावावर खूण केली. खुणा ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिल्या तर दोन्ही संघ जिंकत. बक्षीस काय, तर जेवणाच्या रांगेत आधी उभे राहणे, थोडी अधिक मोकळीक. वर्ग शांत झाला. मला त्या खेळातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की कोणालाही हरविल्यावाचून जिंकता येत होते. शिवाय खोली झाडण्याची आवड मुलांना मुळात नव्हतीच, तेव्हा ती मारली जाण्याचे भय चित्रांइतके नव्हते.

टाक्यांच्या प्रकारानंतर निदेशकांनी खेळ मोडला नाही, नियम बदलले. स्टॉपवॉच कपाटात गेले. भिंतीवर एक मोठा प्लायवूडचा फळा लावला, त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढली. हातोडी, गुण्या, कानस, पक्कड. जपानी कारखान्यांतून आलेली ही पद्धत आपल्याकडील अनेक कारखान्यांत दिसते. रिकामी आकृती दारातूनच डोळ्यांत भरते. मोजणी आता तुकड्यांची नाही, साऱ्या वर्गाची. फळा पूर्ण भरला, यंत्राखाली कीस नाही आणि सर्वांनी ब्रश वापरला, तर एक खूण. अशा आठ खुणा झाल्या की एक तास मुलांना स्वतःच्या मनाची वस्तू बनविण्यास मोकळा. शिवाय निदेशक दररोज मनात एक हत्यार धरीत आणि ते ज्याने जागेवर ठेवले त्याचे नाव शेवटी सांगत. त्याला बक्षीस काही नाही, नुसते नाव. तरी ते हत्यार कोणते असेल या उत्सुकतेने सगळीच जागेवर जात.

एक गृहस्थ मात्र रागावून आले. आपल्यापैकीच, चांगल्या पेढीचे. म्हणाले, ‘‘काका, मुलगा शाळेत शिकायला पाठवला आहे, झाडू मारायला नाही. त्यासाठी शिपाई आहे ना?’’ मी त्यांना वडीलकीच्या नात्याने बसवून घेतले. त्यांच्या आजोबांना मी पाहिले आहे. दुकानाचे दार उघडले की नोकर येण्याआधी उंबरठा ते स्वतः झाडीत. मी ते बोललो, आणि जपानमध्ये बहुतेक शाळांत मुलेच रोज वर्ग झाडतात, हेही सांगितले. पण त्यांचे सर्वस्वी चुकत होते असेही नाही. मी चौकशी केली तेव्हा कळले की ब्रश आणि यंत्र मुलांकडे, केरसुणी मात्र बहुधा मुलींकडे जात होती. कोणी नेमले नव्हते, आपोआप झाले होते. समितीत बसून मला ते दिसले नव्हते. आता कामाच्या चिठ्ठ्या दर आठवड्याला काढल्या जातात, आणि त्या गृहस्थांचे चिरंजीव गेल्या महिन्यात दोन आठवडे केरसुणीवर होते.

यंदाच्या मोजदादीत बावीस कानशी भरल्या. खुणांचा तक्ता दिवाळीच्या सुट्टीनंतर कोणी पुन्हा आखलाच नाही. निदेशकांनी मुद्दामच तो विषय काढला नाही, असे ते म्हणाले. फळा बहुधा भरलेला असतो, पण शनिवारी दोन-तीन आकृत्या रिकाम्या राहतात. शिपाईमामांचे म्हणणे, पूर्वी त्यांना पाऊण तास लागे, आता दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

मी घरी येऊन आमच्या गोदामात तसाच फळा लावला आहे. टेप, कात्री, सुतळीचा गुंडा, वजने, सर्वांच्या आकृत्या. आमच्या जुन्या मुनीमजींनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘‘शेठ, यात तुमच्या चष्म्याची जागा कुठे?’’ दुसऱ्या दिवशी त्यांनीच पेन्सिलीने ती काढून दिली.