कंपवाताची वाकलेली पाठ

कंपवात म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. परंतु १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीचे जे वर्णन केले, त्याच्या व्याख्येतच धड पुढे झुकण्याची प्रवृत्ती नोंदविलेली आहे. दोन शतके उलटली, तरी आपल्याकडे हे लक्षण ‘आता वय झाले’ एवढे म्हणून निकालात काढले जाते.

लेव्होडोपाने ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा कमी होतो. कंबरेतून वाकलेले किंवा एका कुशीला कललेले धड मात्र पुष्कळदा औषधाला दाद देत नाही. गंमत अशी, की असा रुग्ण अंथरुणावर पाठ टेकताच बहुधा सरळ होतो. म्हणजे निदान प्रारंभी तरी कणा कायमचा आखडलेला नसतो. स्नायूंचे बळ आणि शरीराला असलेली उभेपणाची जाणीव ढळलेली असते. आपण कललो आहोत, हेच त्याला उमगत नाही. ‘सरळ उभे राहा’ असे दिवसातून दहा वेळा दटावणाऱ्या घरच्यांचा उपदेश वाया जातो तो यामुळे. तेथे आरसा लागतो. टाचा, पाठ व डोके भिंतीला टेकविण्याचा सराव, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरजेप्रमाणे कोपरे टेकता येतील असा उंच वॉकर लागतो. पाठीवर चिकटपट्ट्या लावण्याचा नवा प्रकार पुष्कळांना आकर्षक वाटतो. व्यायामात त्याने फारशी भर पडल्याचे दिसलेले नाही. या उपचारांच्या चाचण्या थोड्या, त्यांतील रुग्ण मोजके, आणि सराव सुटला की गुण ओसरतो, हेही मान्य केले पाहिजे. म्हणूनच तो घराजवळ व नित्य हवा.

वरळीपुरते पाहू. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून शेजारीच आहे. परंतु हनुवटी छातीशी आलेल्या माणसाने बसची पायरी कशी चढावी, समोरचे वाहन कसे पाहावे? बी. डी. डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मोकळी भिंत मिळणे दुरापास्त. तथापि मधल्या पॅसेजमध्ये फेऱ्या घालता येत, आणि आजोबा हल्ली अधिक वाकून चालतात हे शेजारच्यांच्या ध्यानात येई. ऑगस्ट २०२५ मध्ये येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा वाढली, लिफ्ट आली, ते योग्यच झाले; बंद दारांआड वाकणाऱ्या पाठीकडे मात्र आता कोणाचे लक्ष जाणार?

पालिकेच्या केईएम व नायर रुग्णालयांशी निगडित फिजिओथेरपीची विद्यालये आहेत. तेथील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन सकाळी अशा वस्त्यांत का येऊ नयेत? ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांना कोणता व्यायाम वर्ज्य, हे तज्ज्ञच ठरवतील. पालिकेच्या आरोग्य खात्याला त्यासाठी नवे रुग्णालय बांधावयाचे नाही; एखादी रिकामी खोली, एक मोठा आरसा आणि वेळापत्रक एवढ्यावर आरंभ करता येईल.