टायर घेताना तारीख पाहा
छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला टायर बनतात. तरी आपले व्यापारी बांधव टायर घेताना फक्त भाव विचारतात. ही काटकसर महागात पडते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. तो आधी वाचावा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेली. दोष न काढता नवा टायर चढविला, तर तोही तसाच जाईल. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावाच. दुकानदारांनीही जुना साठा ताजा म्हणून विकू नये. बिलावर शिक्क्याचा आकडा लिहून द्यावा. गिऱ्हाइकाचा जीव त्या चाकांवर असतो.