बंपरला चीर गेली, क्लेम करायचा का?

ईदच्या खरेदीला किंवा लग्नसराईत गाडी बाजारात नेली, की कुठेतरी चाटून येतेच. कुणी रिव्हर्स घेताना ठोकतो, कुणी सिग्नलला मागून टेकवतो. कुणाला लागत नाही, हे अल्लाहचे उपकार; पण बंपरला चीर जाते आणि घरात चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, ‘अब्बा, विमा कशासाठी भरलाय? क्लेम करून टाका ना!’ या महिन्यात आपण याचाच हिशेब मांडू.

पूर्वी अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी या गाड्यांचा बंपर लोखंडी असे. वाकला तर ठोकून सरळ करता येई. आजचा बंपर प्लास्टिकचा. बाहेरून दिसते ते नुसते आवरण. मागे क्लिपा, ब्रॅकेट आणि बऱ्याच गाड्यांत धातूची आडवी पट्टी असते. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. तेही बहुधा बंपरमध्येच असतात. त्यामुळे नुसता बंपर बदलून काम संपत नाही. रंग जुळवणे, फिटिंग आणि सेन्सर यांचा खर्च वेगळा.

आता विम्याकडे वळू. शाळेत शेकडेवारी शिकवताना आम्ही मुलांना असलीच उदाहरणे घालतो. समजा, नवा बंपर 5,000, रंगकाम 3,000 आणि फिटिंग 1,000, म्हणजे एकूण 9,000 रुपये. कर सध्या बाजूला ठेवू. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. म्हणजे 2,500 गेले. रंगकामाचा चौथा भाग सामानाचा धरून त्यावरही निम्मा घसारा, म्हणजे 375. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये मालकाने सोसायचेच. कंपनीकडून हाती येतात 5,125.

पण यात नो क्लेम बोनस धरलेला नाही. क्लेम न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या प्रीमियमवर पहिल्या वर्षानंतर 20, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के सूट मिळते. एक क्लेम झाला की ती शून्यावर येते. समजा, हा प्रीमियम दरवर्षी 8,000 आहे आणि यंदा 45 टक्के सूट मिळणार होती. 3,600 रुपये गेले. पुढच्या वर्षी 50 टक्क्यांऐवजी 20 टक्केच मिळतील. आणखी 2,400 गेले. दोन वर्षांत 6,000 रुपये घालवून आपण 5,125 मिळवले!

झिरो डेप घेतले असेल तर घसारा वाचतो, पण बोनस जातोच. तो सांभाळण्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. म्हणून आधी गॅरेजमधून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, मग बोनसची बेरीज करा. क्लेम करायचाच ठरला तर कंपनीला लगेच कळवा आणि पाहणी होण्याआधी दुरुस्ती करू नका.

चीर लहान असेल तर बंपर बदलायलाच हवा असे नाही. प्लास्टिक वेल्डिंगने ती जोडून वरून रंग देता येतो. मात्र आतली पट्टी वाकली नाही ना, सेन्सर चालतात ना, हे पाहून घ्या. आणि बंपर वाचावा म्हणून पुढे लोखंडी गार्ड लावू नका. त्यांच्यावर कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले आहे. धडकेत ते पायी चालणाऱ्याच्या जिवावर उठतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतात.

शेवटची गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. मोहल्ल्यात उभ्या गाडीला आपल्या मुलाकडून धक्का लागला आणि मालक जवळ नसेल, तर काचेवर नाव व फोन नंबरची चिठ्ठी ठेवायला त्याला शिकवा. भरपाई द्यायची-घ्यायची तर अंदाजपत्रक पाहून रक्कम ठरवा आणि दोघांच्या सहीने लिहून ठेवा. गॅरेजवाला म्हणेल, ‘जुना पोचाही याच क्लेममध्ये घालू या.’ त्याला सरळ नाही म्हणा. तो पैसा आपल्या हक्काचा नाही, आणि मागे बसलेली मुले सगळे ऐकत असतात.