ताणलेले काळीज आणि दुसऱ्याची गोळी



मागच्या महिन्यात नगरला आमच्या वस्तीत शेजारच्या मावशींच्या छातीत धडधड सुरू झाली. समोरच्या काकांना डॉक्टरांनी ठोके ताळ्यावर ठेवायची गोळी दिलेली. काका मायेने म्हणाले, "ताई, हीच घ्या, मला लागू पडली." गोळी तोंडात जायच्या आत आम्ही पोहोचलो. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, डॉक्टर नव्हे. पण त्या दिवसापासून जे वाचले, डॉक्टरांना विचारले, ते येथे मांडतो.

हृदय हा मांसाचा पंप. विजेची बारीकशी लहर आली की ठोका पडतो आणि मग मांस क्षणभर विसावा घेते. मावशींचे आईवडील पाथर्डीहून ऊसतोडीला जात. एका कोपीत सात-आठ माणसे. अशा दाटीत घशाचा संसर्ग लवकर पसरतो. लहानपणी मावशींचा घसा सुजला, मग सांधे धरले, ताप आला. या सांधेतापाने पुढे हृदयाची झडप आखडते. रक्त तुंबते आणि वरचा डावा कप्पा हवा भरलेल्या ट्यूबसारखा फुगत जातो. ताणलेल्या मांसाचा विसावा आखूड होतो, लहरी सैरावैरा धावतात, नाडी वेडीवाकडी चालते. कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर अर्धांगवायू होतो.

ठोक्यांवरची औषधे जुनी आहेत. हिवतापावरच्या क्विनाइनने आपली बिघडलेली नाडी सुधारते, हे एका डच व्यापाऱ्याने १९१२ साली डॉ. वेंकेबाख यांना दाखवले. १९१८ साली सिंकोनाच्या सालीतलेच क्विनिडीन त्याहून गुणकारी ठरले. ते मांसाचा विसावा लांबवते. म्हणजे गोळी विसावा लांबवणार आणि ताण तो आखडणार, अशी ही रस्सीखेच. ताण तसाच राहिला तर गोळी कमी पडू शकते.

२००१ साली शास्त्रज्ञांनी सशाच्या हृदयाचे वरचे कप्पे दाबाने फुगवले, तेव्हा ठोके सहज विस्कटू लागले. टॅरेंट्युला कोळ्याच्या विषातले एक द्रव्य ताणाने उघडणारी पेशींची दारे बंद करते. ते देताच विस्कटणे आवरले. हे दुकानात मिळणारे औषध नव्हे. पण ताण हेही दुखण्याचे एक मूळ आहे, हे त्यातून दिसले.

आता काकांच्या मायेचा हिशेब. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्या दिल्या. जादा ठोके थांबले, नाडी छान झाली. पण १९९१ साली छापलेले आकडे पाहा. गोळी घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. नाडी सुधारली, माणूस गेला! इजा झालेल्या हृदयावर तीच गोळी उलटू शकते. एकाची गोळी दुसऱ्याने का घेऊ नये, ते यावरून कळावे.

म्हणून माता-भगिनींनो, धडधड झाली तर आधी ई.सी.जी. आणि इको करा. आपली गोळी मनाने बंद करू नका, वाढवू नका. आखडलेली झडप पुष्कळदा फुग्याने उघडता येते, कप्प्यावरचा ताण उतरतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाचे उपचार आहेत. रेशनकार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. लेकराचा घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, तर अंगाऱ्यात दिवस घालवू नका. सांधेताप ठरला तर डॉक्टर पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यायला सांगतात. एकही तारीख चुकवू नका.

मावशींचा इको झाला, झडप आखडलेलीच निघाली. आता फुग्याच्या उपचाराची तारीख मिळाली आहे. परवा त्यांच्या नातवाचा घसा सुजला. कोणी सांगायच्या आधी मावशी त्याला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभ्या होत्या.