आगटी शहरात, राख शिवारात



पौषाची थंडी पडली, की पुण्यात गाव उगवते. कुठे मंगल कार्यालयाच्या लॉनवर, कुठे सोसायटीच्या मैदानात. दाराशी कडब्याची कमान, शेजारी सजवलेली बैलगाडी, बाजेवर गोधडी आणि मध्ये गोवऱ्यांची आगटी. वर पाटी: हुरडा पार्टी. रविवारी सकाळपासून मोटारींची रांग लागते. दिवसभर गाव खायचे, गावात फोटो काढायचे आणि दिवेलागणीला आपापल्या फ्लॅटमध्ये परत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते मुद्दाम अशा एका ठिकाणी गेलो. माणशी आठशे रुपये मोजले. हुरडा चांगला होता, खोटे कशाला बोला? लसणाची चटणी होती, गूळ होता, दही होते, बोरे होती. मुले बैलगाडीत बसून मैदानाला फेऱ्या मारत होती. एक मुलगी आईला विचारत होती, "आई, हे पॉपकॉर्नचंच झाड का गं?" आम्ही हसलो. मग आगटीपाशी बसलेल्या माणसाशी बोललो आणि हसू आटले.

डोक्याला फेटा, अंगात बाराबंदी, कोरे करकरीत धोतर. निखाऱ्यातून कणीस काढायचे आणि चटके सोसत चोळायचे. हात सराईत होते. आम्ही विचारले, "कुठले पाहुणे?"

"बीडकडचा. घरी तीन एकर हाय. दोन एकर कापूस, एक एकर ज्वारी असायची. ज्वारी सोडली दादा. पाखरं राखायला माणूस न्हाई, काढणीची मजुरी निघंना. डुकरं येगळीच."

"आणि इथं?"

"हितं दिसाला आठशे देतेत. फेटा, धोतर त्यांचंच. संध्याकाळी परत द्यायचं."

दिवसाची मजुरी आठशे, म्हणजे एका पाहुण्याचे तिकीट. आणि घरी ज्वारी पिकवून त्याला दिवसाकाठी आठशे कधी पडले नव्हते. शेती करून जे मिळाले नाही, ते शेतकऱ्याचे सोंग करून मिळाले. मंडळी, यापेक्षा कडू गोष्ट आम्ही अलीकडे ऐकलेली नाही.

आता हिशेब मांडू. 2025-26 च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झाला. किलोला साडेसदतीस रुपये. एका माणसाने पाव किलो दाणा खाल्ला असे धरा, पोट फुटेपर्यंत. हमीभावाने त्याची किंमत होते साडेनऊ रुपयांच्या आत. हिरव्या दाण्यात पाणी जास्त, वाळल्यावर तो आणखी कमी भरतो, ते सोडूनच द्या. तिकिटाचे आठशे, त्यात ज्वारी साडेनऊची. बाकीचे जागेचे, मांडवाचे, स्वयंपाकाचे, जाहिरातीचे आणि नफ्याचे. धंदा करणाऱ्याने नफा काढला याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ज्या पिकाच्या नावाने हा सगळा मांडव उभा राहतो, त्या पिकाचा वाटा शेंगदाण्याच्या चटणीएवढाही का असू नये?

आमचे काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, या पार्ट्या उधळून लावू. आम्ही स्पष्ट सांगतो, हे करायचे नाही. आठशे रुपये देणारा शहरी माणूस आपला वैरी नाही. उलट तो आपला साक्षीदार आहे. गेली साठ वर्षे आपल्याला काय ऐकवले गेले? ज्वारी गरिबाचे धान्य, तिचा भाव वाढला तर शहरातला गरीब उपाशी मरेल. या एका वाक्यावर आपले भाव दाबले गेले. अमेरिकेची तांबडी मिलो आणून रेशनवर वाटली. लेव्हीच्या नावाखाली घरातली पोती उचलली. पुढे रेशन म्हणजे गहू आणि तांदूळ हे ठरूनच गेले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य किलोला एक रुपया दराने देण्याची तरतूद होती, पण पिशवीत पडले प्रामुख्याने गहू-तांदूळच. 2023 पासून तेही फुकट. फुकटाच्या तांदळापुढे ज्वारी कोण विकत घेईल? ज्वारी खाणाऱ्या शिवारातच ज्वारीचे गिऱ्हाईक मारले गेले. विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने खाल्ली ती काय उगाच?

आणि त्याच 2023 साली आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष साजरे झाले. अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' म्हटले गेले. नावामागे श्री लागला, भावामागे कुणी लागले नाही.

हुरड्याचे मात्र वेगळे झाले. हुरड्याचा भाव कुणी बांधला नाही, त्याला लेव्ही लागली नाही. बाजार मोकळा राहिला आणि त्याच शहराने कुरकुर न करता पैसे मोजले. म्हणजे शहराला परवडत नाही हे खोटे. शहराला परवडते. आपल्यापर्यंत पोचू दिले जात नाही, हे खरे.

दुसऱ्या बाजूला साहेब लोक आहेत. ते म्हणतात, मग तुम्हीही कृषी पर्यटन करा की! 2020 साली राज्याने त्याचे धोरणही आणले. ज्यांचे रान शहराजवळ डांबरी रस्त्याला आहे, विहिरीला पाणी आहे, त्यांनी जरूर करावे. पण शेतीशास्त्र शिकलेली माणसे म्हणून आम्हाला हुरड्याचे वेळापत्रक ठाऊक आहे. पेरणीपासून साधारण तीन महिन्यांनी दाणा दुधातून चिकात उतरतो. आठ-दहा दिवस तो हुरड्याजोगा राहतो, मग कडक होतो. कणीस तोडल्यावर गोडी झपाट्याने उतरते, साखरेचा पिठूळ स्टार्च होऊ लागतो. परभणी वसंत, फुले मधुर असे खास हुरड्याचे वाण विद्यापीठांनी दिले, ते चांगलेच आहेत. पण वाण कोणताही असो, हिंगोलीच्या बांधावर पुण्याची मोटार रविवारी येणार नाही. चार-दोन आठवड्यांच्या मौजेवर लाखो कोरडवाहू घरांचे वर्ष निघत नाही. पर्यटन हा जोडधंदा आहे, तो भावाला पर्याय नाही. पीक परवडत नाही म्हणून शेतकऱ्याला नाच म्हणून सांगणे, हे धोरण नव्हे.

आपल्यातले काही जुने लोक वेगळेच दुःख करतात. पूर्वी हुरडा विकत नव्हता, बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून बसवत होते, असे म्हणतात. ते खरे आहे. पण तेव्हाही पाहुणा हुरडा खायचा, सालगडी कणसे चोळायचा आणि बाया पलीकडे कापूस वेचत असायच्या, हेही खरे आहे. त्या गावाचे रडगाणे आम्ही गाणार नाही. हुरडा विकला जातो याचे वाईट वाटून घेऊ नका. तो आपण विकत नाही, याचे वाटून घ्या.

शहरात गाव उभे करणारे शेतकरी जगात आहेत. 1990 च्या जूनमध्ये फ्रान्सच्या तरुण शेतकऱ्यांच्या संघटनेने पॅरिसच्या शाँझेलिझे या राजरस्त्यावर गव्हाचे शेत उभे केले आणि भर शहरात कापणी करून दाखवली. 2010 च्या मे महिन्यात त्याच रस्त्यावर पुन्हा पिके, झाडे, जनावरे आणली. लाखो लोक सहलीसारखे पाहायला आले, मुलांना घेऊन आले. मौज तीच. फरक एवढाच, की तिथे मांडव शेतकऱ्यांचा होता, बोलणारे शेतकरी होते. डोक्यावर भाड्याचा फेटा नव्हता.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. येत्या हंगामात शहराजवळच्या तालुक्यांतील गटांनी शहरात स्वतःच्या आगट्या लावाव्यात. दूरच्या गटांनी सोललेला हुरडा थंड पेटीतून पाठवावा, ज्वारीचे पीठ आणि कडधान्य द्यावे. विक्री आपली, हिशेब आपला.

दुसरी. प्रत्येक आगटीवर मोठी पाटी लागली पाहिजे: या ताटात ज्वारी किती रुपयांची, हमीभाव किती, उत्पादन खर्च किती, बाजारात काय मिळाले. शहरातली माणसे लिहिती-वाचती आहेत. एका रविवारी वाचतील, दुसऱ्या रविवारी विचारतील.

तिसरी. ज्वारी निघायच्या आधी खरेदी केंद्रे सुरू झाली पाहिजेत आणि ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यांत रेशनवर त्याच जिल्ह्याची ज्वारी मिळाली पाहिजे. हे मागणे हुरड्याइतके गोड लागणार नाही. त्यासाठी तहसीलवर जावे लागेल.

निघताना आम्ही त्या बीडच्या गड्याला विचारले, "उरलेल्या दाण्याचं काय करता?" तो म्हणाला, "ह्यो दाना इकत आनलेला हाय दादा. माझ्या रानात आता न्हाई." आणि पुढचे कणीस निखाऱ्यात सारले.

त्याच्या एक एकरात पुन्हा ज्वारी उभी राहिली पाहिजे, आणि ती फायद्याची झाली पाहिजे. बैठकीला या. येताना आपापला ज्वारीचा आणि कापसाचा खर्च लिहून आणा.